आमची गाडी आता तापत नाही

रविवार, २ मार्च २०२५. संध्या. ६.१०

घरी पोचलो. गाडी क्रेनने अंबत्तूरच्या गॅरेजमध्ये, आम्ही ऑटोने.

घटना घडली तशी आजच लिहून ठेवतो. पुढेमागे कुणी वेगळं सांगितलं तर आपल्याकडे लेखी असावं.

सकाळी मुलीला, ऊर्मीला, घेऊन ईसीआरने, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याने, महाबलीपुरमकडे निघालो. सेकंडहँड घेतलेल्या लाल गाडीची पहिलीच लांब फेरी. कोवळमच्या पुढे तापमानाची सुई वर सरकली. मग आणखी वर. मग बॉनेटमधून पांढरी वाफ आणि कुकरसारखा फुस्स आवाज. मी प्रसंगावधान राखून गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ताबडतोब मदत आणायला गेलो.

मदत पुढच्या बाजूला असेल की मागच्या, हे त्या क्षणी ठरवण्यासारखं नव्हतं. मी मागच्या बाजूला गेलो. बराच गेलो.

ऊर्मी आतच होती. तिच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. गाडी दोन दारांची, त्यामुळे दुसरं दार म्हणजे माझंच, आणि ते वाफेच्या बाजूला. दाराचं मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही. रस्त्याकडेला शहाळी विकणारी एक बाई धावत गेली, बाहेरून दार ओढून तिने ऊर्मीला काढलं. ऊर्मीला काहीही झालेलं नाही. थोडी खोकत होती.

मी परत आलो तेव्हा दोघी सावलीत बसल्या होत्या. बाईने माझ्याकडे बघून तमिळमध्ये काहीतरी म्हटलं. नीट ऐकू आलं नाही.

ऑटोत ऊर्मी रस्ता बघत बसली. मी कूलिंग सिस्टिमबद्दल बोललो.

निष्कर्ष: दोष पूर्णपणे कूलिंगचा. टर्बो गाड्या मुळात गरम, त्यात चेन्नई. सगळी सिस्टिम अपग्रेड करायची. रणगाड्यांच्या कारखान्यात स्टोअर्सला एकोणीस वर्षं आहे, रेडिएटर माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. मला कूलिंग शिकवायला नको.

मी घाबरलो नव्हतो. नाडी आत्ता १०४ आहे, पण जिने चढून आलोय. (लिफ्ट अडकू शकते.)


सोमवार, ३ मार्च

सुनंदाने सकाळी नेहमीसारखा उपमा दिला. नेहमीसारखीच शाळेत शिकवायला गेली. जाताना नेहमीसारखं "येते" म्हणाली.

हे जरा जास्तच नेहमीसारखं वाटलं. ऊर्मीने तिला काय सांगितलंय?


बुधवार, ५ मार्च. रात्री ८

फॅक्टरीतून सुटून गॅरेजला गेलो. मालक गिरिधर, वय पासष्टच्या आसपास, तंजावरकडचा मराठी. तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघालेलं मराठी त्याने जपून ठेवलंय आणि त्यावर तमिळचं पॉलिश केलंय. मला प्रतापसिंह म्हणतो, पूर्ण. हे नाव त्यांच्या राजाचं होतं म्हणे, म्हणून उभा राहून नमस्कार केला. बरं वाटलं.

त्याने कूलंटच्या टाकीचं झाकण काढलं, हातपंपासारखं यंत्र लावलं, दोनदा दाबलं आणि मान हलवली. म्हणाला, रबर गेलंय, प्रेशर धरत नाही, म्हणून पाणी लवकर उकळून बाहेर पडलं. शिवाय टाकीत बोअरचं खारट पाणी कुणी घातलं, असं विचारलं. मी म्हटलं, मागच्या मालकाने असेल. (मी. जानेवारीत.)

"झाकण येक बदलूं, पाणी धुऊन काढूं. पुरे, सार. येवढ्याला भिऊं नकां."

मी भ्यालो नव्हतो हे त्याला समजावून सांगितलं. मग माझी यादी दिली: जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर, दोन मोठे पंखे, सिलिकॉनचे होज पाइप, ऑइल कूलर, टर्बोच्या हवेसाठी मोठा इंटरकूलर. त्याने यादी चष्मा काढून वाचली, मग चष्मा लावून वाचली.

झाकण! त्या दिवशी जे झालं ते तळहाताएवढ्या झाकणामुळे झालं असूच शकत नाही.


शनिवार, ८ मार्च

संध्याकाळी वरच्या मजल्यावरची मंडळी चहाला. गाडीचा विषय निघाला. माझा हात थांबला, बिस्किट चहात पडलं.

सुनंदा अगदी सहज म्हणाली, हो ना, बंद पडली, ऊर्मी सांगत होती. हे पाणी आणायला धावत गेले, तेवढ्यात एका बाईने मदत केली.

पाणी आणायला.

ऊर्मी मोबाइलमध्ये बघत होती. वर पाहिलं नाही तिने.

रात्री नीट आठवून पाहिलं. पाणीच. गरम इंजिनला पाणी लागतं, हे कुणालाही सुचेल. मदत हा मोघम शब्द होता, त्या दिवशी घाईत लिहिला. वरच्या नोंदीत दुरुस्ती समजावी.


रविवार, १६ मार्च

नवा रेडिएटर, होज पाइप, ऑइल कूलर बसले. बॉनेट उघडलं की डोळे दिपतात. पंख्यांचं वायरिंग मी स्वतः करणार आहे. गिरिधर म्हणाला, ते माझा माणूस अर्ध्या तासात करेल. म्हटलं, नको, आपल्या गाडीची प्रत्येक वायर आपल्याला ठाऊक असावी. इंटरकूलर पुढे लावला तर रेडिएटरची हवा अडेल असंही तो म्हणाला. इंटरनेटवर एका जर्मन माणसाने पुढेच लावलाय. गिरिधरने विचारलं, जर्मनीला मे महिना कसा असतो.

गाडी घरी आणली. सहा किलोमीटर. सुई पूर्णवेळ निम्म्यावर. माझं लक्षही पूर्णवेळ सुईवर, त्यामुळे एका सिग्नलला उशिरा थांबलो, पण थांबलो.

तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी लावली, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, आणि पाच पावलांवर गेलो तोच मागे घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. गाडी बंद. किल्ली खिशात. आणि आत काहीतरी चालू.

जिन्यातून सुनंदाला फोन केला. (रेंज जिन्यात चांगली येते. पहिल्या मजल्याच्या जिन्यात.) सांगितलं, गॅस सिलिंडरचा कॉक बंद कर आणि खाली ये. ती आली. वॉचमन नारायणस्वामीही आला. हा रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेला. त्याने कान लावला आणि म्हणाला, टर्बो गाडी बंद केल्यावर आतला पंप आणि पंखा थोडा वेळ चालतात सार, चालायलाच हवेत.

मला ते माहीतच होतं. आज प्रथम ऐकलं इतकंच.

सुनंदाने विचारलं, सिलिंडर का बंद करायचा होता. उत्तर देणार होतो, पण भाजी करपत होती.


रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी उभारली. संकल्प पुढीलप्रमाणे:

ऊर्मीला पुदुच्चेरीला एका आर्किटेक्टकडे दोन महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. १२ मेला हजर व्हायचं. मी जाहीर केलं की ११ तारखेला मी तिला लाल गाडीने सोडणार. ईसीआरनेच. ऐन कत्तिरीत, म्हणजे इथले लोक ज्या दिवसांत दुपारी घराबाहेर पाऊल टाकत नाहीत त्या दिवसांत.

ऊर्मी म्हणाली, बाबा, बस आहे, एसी आहे, तिकीट ऑनलाइन मिळतं. तिच्या मराठीत 'पाहिजे'पेक्षा 'वेणाम' जास्त येतं. आज तीन वेळा 'वेणाम' म्हणाली, म्हणजे नको. मी चौथ्यांदा हो म्हटलं. मग म्हणाली, ओके.

त्या दिवसापासून ती गाडीत बसलेली नाही. मी बोलावलं नाही हेही खरं.

इंटरकूलर बसला. पंखे आणले. जेवणानंतर वायरिंग.


रविवार, ६ एप्रिल

वायरिंग पूर्ण. वायरला लाल-काळ्या टेप, नकाशा, सगळं पद्धतशीर. तळघरात इंजिन चालू ठेवून परीक्षा घेतली. पंधरा मिनिटांत सुई वर. आणखी वर. मी निरीक्षण करायला खांबामागे गेलो. (वाफ सरळ रेषेत येते, खांब मध्ये असलेला बरा.)

इंजिन बंद करायचं तर आत हात घालावा लागतो. ती अडचण होती. नारायणस्वामी वर्तमानपत्र वाचत खुर्चीवर बसला होता. तो उठला, शांतपणे आत वाकून किल्ली फिरवली. मग म्हणाला, पुन्हा चालू करतो, गंमत बघा, आणि पेपरचं एक पान जाळीसमोर धरलं. पंख्याने हवा आत ओढली तर कागद जाळीला चिकटायला हवा. कागद उडून माझ्या तोंडावर आला.

पंखे उलटे फिरत होते. गरम हवा पुढे फेकत होते. लाल-काळी अदलाबदल. टेप बरोबर लावल्या होत्या, फक्त वायरी चुकल्या.

नारायणस्वामीने दहा मिनिटांत बदलल्या. नंतर अर्धा तास बघितलं, सुई हलली नाही. सुनंदाला सांगितलं, आज एक महत्त्वाचा डेटा मिळाला.


शुक्रवार, ११ एप्रिल

स्वप्न. सुई डॅशबोर्डच्या बाहेर आली आणि माझ्याकडे वळली. डॅशबोर्डवर आणखी दोन मीटर लावायचं ठरवलं, शिवाय बझर. तापमान ८५च्या वर गेलं की वाजणार. आगाऊ सूचना मिळाली की माणूस शांत राहतो.


शुक्रवार, १८ एप्रिल. सुट्टी

सुनंदाला टी. नगरला साड्या बघायच्या होत्या. मी आपणहून म्हटलं, लाल गाडीने जाऊ. आत्मविश्वास अशाच छोट्या फेऱ्यांतून येतो.

फ्लायओव्हरच्या बरोबर मधोमध बझर वाजला. आवाज दुकानदाराने सांगितला होता त्यापेक्षा मोठा. मी गाडी थांबवली आणि बॉनेट उघडण्यासाठी उतरलो. बॉनेटचा खटका आत, ड्रायव्हरच्या पायाशी असतो. तो ओढायचा राहिला. मग मी कठड्याशी उभा राहून परिस्थितीचा अंदाज घेतला. माझ्या अंदाजाने गाडीपासून दहा-बारा मीटर. मागे हॉर्न, त्याच्या मागे आणखी हॉर्न.

सुनंदा आत बसून होती. तिने वाकून बझरची वायर शोधली आणि ओढून काढली. एकदम शांत झालं. ट्रॅफिक पोलीस आला, त्याने मला गाडीत बसायची खूण केली. मीटर ९१. पोलीस म्हणाला, ९१ नॉर्मल आहे सार, माझ्या मेव्हण्याच्या गाडीला रोज असतो.

बसलो. पट्टा लावला. सुनंदा समोर बघत म्हणाली,

"आज पण पाणी आणायला उतरला होतात?"

चेहरा अगदी सरळ होता तिचा. फ्लायओव्हरवर पाणी कुठून असणार? थट्टा असावी. साड्यांच्या दुकानात मी तिला घाईने काही निवडू दिलं नाही, तीन तास बसलो. एसी चांगला होता.


शनिवार, १९ एप्रिल

तिला माहीत आहे.

नाही. माहीत असतं तर बोलली असती. सत्तावीस वर्षांत न बोलता राहिलेली नाही.

माहीत आहे असं काय आहे, हाही प्रश्नच आहे.


रविवार, २७ एप्रिल

ज्या गोष्टीचा आपल्याला संकोच वाटतो तिला सरळ सामोरं जायचं, असं ठरवून आज कोवळमला गेलो. बसने. (गाडीला धूळ नको.) शहाळीवाल्या बाईचे आभार मानायचे होते. मिठाईचा डबा घेतला.

तिचं नाव कनका. लांबूनच ओळखलं तिने. शेजारच्या मासळीवालीला म्हणाली, ओडिपोन सार आले. ओडिपोन म्हणजे पळून गेलेला. धावत गेलेला असाही अर्थ होतो. तमिळ ही अर्थांच्या छटांची भाषा आहे.

आधी तिने विचारलं, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, छान. शहाळं सोलता सोलता पुन्हा विचारलं, मुलगी कशी आहे. मी म्हटलं, छान आहे, आर्किटेक्ट होणार. पैसे घेतले नाहीत. मिठाईचा डबा उघडून मासळीवालीला दिला, स्वतः एक तुकडा खाल्ला.

मग म्हणाली, त्या दिवसानंतर दोन दिवस माझ्या हाताला कोयता धरवत नव्हता. गाडी आता फुटेल असंच वाटलं होतं मला. हात लटलट कापत होते, असं म्हणून तिने हात पुढे करून कापवून दाखवला.

म्हणजे तीही घाबरली होती.

मग गेली कशी, हे विचारायचं होतं. बस आली.


रविवार, ४ मे. कत्तिरी सुरू. बाहेर ४१

शेवटच्या तपासणीला गिरिधरकडे. त्याने गाडी अर्धा तास उन्हात चालू ठेवली, मग एसी लावून हायवेवर एक चक्कर मारली. मी गॅरेजमध्ये थांबलो, कुणीतरी गॅरेज बघायला हवं. परत येऊन म्हणाला, मस्त आहे, जावा पुदुच्चेरीला.

मी म्हटलं, बघा, झाकणावर भागलं असतं का?

तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "सार, झाकण तर पैल्याच दिवशीं बदललें मी. पाणी पण धुतलें. त्या दिवसापासून गाडीस कांहीं नव्हतें."

मी मागचे दोन महिने डोळ्यांपुढून नेले. उलटे पंखे, इंटरकूलर, बझर. प्रत्येक वेळी गाडी तापली किंवा तापलीशी वाटली ती माझ्या सुधारणेमुळे, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ होत होता. विचारलं, मग माझी एवढी यादी का लावलीत? तर म्हणाला, तुम्ही रोज यायचात, हात थरथरायचे तुमचे, बॉनेट उघडं बघितलं की थांबायचे. मला वाटलं, लावूं देत.

उन्हाने माणसाचे हात थरथरतात. मीठ कमी होतं.

निघताना डावं दार नीट लागलंय का बघायला आत वाकलो, हात खटक्याला लागला, तर ते आतून सहज उघडलं. गिरिधर म्हणाला, पाप्पा एप्रिलमध्ये स्कूटरवर येऊन सांगून गेली, दार करून ठेवा म्हणून. पाप्पा म्हणजे ऊर्मी. दहा मिनिटांचं काम होतं म्हणे.

दार माझ्या यादीत नव्हतं. यादी कूलिंगची होती.


शनिवार, १० मे

तयारी: डिस्टिल्ड वॉटर २० लिटर. कूलंट ५ लिटर. जाड हातमोजे. अग्निशामक दोन. ओली गोणपाटं. सुनंदा म्हणाली, ऊर्मीची बॅग कुठे ठेवणार. बॅग मांडीवर घेईल.

ठराव (वाचून पाठ केला): १. काहीही झालं तरी प्रथम ऊर्मी. २. प्रथम ऊर्मी. ३. मग इंजिन.

झोप येत नाही. उकाडा आहे.


रविवार, ११ मे. सकाळी ८.४०

नाडी ११२. मन स्थिर. सुनंदाने ऊर्मीला दही-साखर दिली. मलाही दिली, हातावर, आणि हात जरा वेळ धरून ठेवला. निघतो.


त्याच दिवशी. दुपारी ३.२०. पुदुच्चेरी, बस स्टँड

बस ३.४५ची. वेळ आहे. सगळं क्रमाने लिहितो.

सकाळचं नियोजन उत्तम होतं. वेग चाळीस. एसी बंद, कारण एसीचा भार इंजिनवर पडतो. उलट हीटर पूर्ण चालू, कारण हीटर इंजिनातली उष्णता ओढून आत सोडतो. हे शास्त्रीय आहे. ऊर्मीने ओढणी ओली करून डोक्यावर घेतली होती. मांडीवर बॅग, पायाशी डिस्टिल्ड वॉटर. मागून येणाऱ्या सायकलवाल्यांच्या ग्रुपने आम्हाला मागे टाकलं आणि हात केला. सुई निम्म्यावर. कोवळम गेलं तेव्हा आम्ही दोघांनीही डावीकडे बघितलं नाही.

टोलनाका. रांग. पुढे सोड्याच्या बाटल्यांची मिनी लॉरी. उन्हाने असेल, त्यातली एक बाटली फुटली. फट्, आणि मग फुस्स.

पुढचं मला क्रमाने आठवत नाही. मी रस्त्याकडेच्या बोगनवेलीत होतो. हातावर ओरखडे आहेत.

गाडी ऑटोमॅटिक आहे. ब्रेकवरचा पाय काढला की ती आपणहून पुढे सरकते. मी पाय काढला होता. सगळाच निघालो होतो मी. उघड्या दारानिशी गाडी लॉरीच्या मागे सरकत गेली, आत ऊर्मी, मांडीवर बॅग. मी बघत होतो.  तिने बॅग फेकली, हँडब्रेक ओढला, गिअर काढला. गाडी थांबली. लॉरीच्या फळीपासून वीतभर.

तिचं दार उघडत होतं. ती उतरली नाही. सरकून माझ्या सीटवर आली, दार लावलं, आणि रांग पुढे सरकली तशी टोल पार करून गेली.

मी टोलनाक्यातून चालत गेलो. केबिनमधला माणूस बघत राहिला. मी म्हटलं, त्या गाडीचा आहे. तो म्हणाला, चालणाऱ्याला टोल नाही.

पुढे गाडी थांबलेली होती. डावं दार उघडं. मी बसलो. तिने हीटर बंद केला, एसी लावला, आणि नव्वदने निघाली. लायसन्स तिला दोन वर्षांपूर्वीच मिळालंय, टेस्टला मीच घेऊन गेलो होतो. एक्केचाळीस डिग्री, नव्वदचा वेग, फुल एसी. मीटर ९२. सुई हललीसुद्धा नाही. सिस्टिम पास.

मरक्काणमच्या मिठागरांपाशी चहाला थांबलो. तिचे हात कपाला धरून होते आणि कप बशीवर वाजत होता. तेव्हा कळलं. टोलपासून इथपर्यंत ती अशा हातांनी गाडी चालवत होती.

मी म्हटलं, तू घाबरलीस? ती म्हणाली, ऑफ कोर्स, बाबा.

मग जरा वेळाने म्हणाली,

"मागच्या वेळी आईला मी पाणी आणायला गेलात म्हणून सांगितलं. आज काय सांगू?"

रागाने विचारलं असतं तर उत्तर होतं माझ्याकडे. दोन-तीन होती. ती खरंच विचारत होती. काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं आणि मला मदत मागत होती.

मी म्हटलं, मी सांगतो आईला.

तिने मान हलवली. चहा संपवला. पुढे पुदुच्चेरीपर्यंत तिने मला तिच्या आर्किटेक्टबद्दल सांगितलं, उन्हातसुद्धा थंड राहणारी घरं बांधतात म्हणे ते, जाड भिंती, वर जाळ्या, पंखा नाही. मी दोन-तीन प्रश्न विचारले. चांगले होते, असं ती म्हणाली.

गाडी तिच्याकडेच ठेवली. दोन महिने लागेल तिला. किल्ली देताना मी पाण्याबद्दल, मीटरबद्दल, झाकणाबद्दल सांगायला लागलो, तिने सगळं ऐकून घेतलं.


संध्या. ५.३०. बसमध्ये

सुनंदाला फोन केला. सुरुवात टोलपासून करणार होतो, मग सोड्याची लॉरी, मग उष्णतेमुळे काचेवर येणारा दाब. ती हॅलो म्हणाली आणि मी म्हटलं, "मी पळालो. आज पण. तिला आत टाकून."

 ऊर्मी ठीक आहे ना, ती म्हणाली. ठीक आहे म्हटलं, तीच चालवत गेली. मग सुनंदा म्हणाली, पहिल्या वेळचं मला त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही घरी आलात तेव्हा तुमच्या हातात बाटलीसुद्धा नव्हती. मग म्हणाली, जेवलात का.

जेवलो नव्हतो. आता वाटतंय जेवायला हवं होतं.

लिहून टाकलं की बरं वाटतं म्हणतात. भीती वाटते मला. लिफ्टची, कॉकची, कुकरची, सुईची. माझी स्वतःची सगळ्यात जास्त. पन्नाशी उलटल्यावर माणूस यात काय बदल करणार, तरी उद्यापासून करणार आहे. रोज एकदा लिफ्टने जायचं. आधी पहिल्या मजल्यापर्यंत. नारायणस्वामीला बरोबर घेऊन.

बस चांगली आहे. ड्रायव्हर जरा जोरात मारतोय. इंजिनचा आवाज मधूनच बदलतो, पुढे काहीतरी जळल्यासारखा वास येतोय, शेजारचा म्हणतो समोरच्या शेतात पाला पेटवलाय. असेल.

माझी सीट बसच्या मधल्या रांगेत होती, खिडकीची. मरक्काणमला लोक उतरले तेव्हा उठून पुढे, दाराजवळच्या सीटवर आलो. इथे वारा चांगला लागतो.